कधीच न हरवलेला भाऊ

कॉलरताईच्या तोंडी लागायचं नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ती एकटी राहायची. जिना अरुंद. कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तिला वर चाहूल लागायची, आणि माणूस दारात पोचायच्या आत ती ओरडायची, "शर्ट धुऊन आणलाय ना? घामट कॉलरला मी हात लावणार नाही!" धुतलेला नसला तर आल्या पावली परत. मग तो डॉक्टर असो नाहीतर दुकानदार, तिच्या लेखी सगळे सारखे.

उभा जन्म तिनं शर्टांच्या कारखान्यात काढला, तोही कॉलरी शिवण्यात. अख्खा शर्ट तिनं कधी शिवला नाही. तिथं बाह्यांवाली बाह्या शिवायची, काजवाली काजं करायची, आणि ही कॉलरी. "बड्या बड्या माणसांची मान ताठ राहते ना, ती माझ्यामुळे," असं म्हणून ती स्वतःच खो खो हसायची. कारखाना सुटला तरी हात स्वस्थ बसेनात. झिजलेली कॉलर उसवायची, उलटी करून परत बसवायची, की तोच शर्ट आणखी वर्ष-दोन वर्षं चालतो. लोक तेवढ्यासाठी लांबून यायचे आणि तिच्या शिव्या खाऊन जायचे.

तिला एकच भाऊ, बारा-तेरा वर्षांनी धाकटा. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तो लिफ्ट चालवायचा, म्हणून तिथली पोरं त्याला लिफ्टकाका म्हणायची. साठीला टेकलेला, डोक्यावर केसाचं नाव नाही, दोन मुलींची लग्नं झालेली. पण ताईच्या तोंडी तो अजून "छोट्या"च. स्वभावानं तिच्या अगदी उलट, गोड माणूस. कोणी म्हणालं, "काका, चला वर," की हा म्हणणार, "रोज जातो हो वर, अजून कोणी ठेवून घेत नाही." जाळीचा दरवाजा ओढता ओढता सगळ्या इमारतीची सुखदुःखं त्याला कळायची.

या भावाला हिनं वाढवलं. तो रांगत होता तेव्हाच आई छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. बाप ट्रकवर; आला तर आला, नाहीतर महिनोन्महिने पत्ता नाही. पोराला आईजवळ जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची, आपला खोकला पोरावर जाऊ नये म्हणून. पोर दारात उभं राहून तिच्या पाठीकडे बघायचं. तो पाच वर्षांचा झाला आणि ती गेली. पाठीशिवाय त्याला तिचं काही आठवत नव्हतं.

आईच्या आजारपणातच ताईनं वय वाढवून सांगितलं आणि कारखान्यात लागली. पोराला ठेवायचं कुठं? कडेवर मारून सोबत न्यायची. मशीनखाली चिंध्यांचं खोकं असायचं, त्यात त्याला बसवायची. मुकादम ओरडला की ही त्याच्या दुप्पट ओरडायची. संध्याकाळी झोपलेलं पोर खांद्यावर टाकून घरी. पुढं एक स्थळ आलं होतं, बरं होतं. पण मुलगा म्हणाला, भावाची दुसरीकडे सोय लावा. ताईनं त्याला जिना दाखवला आणि तो विषय कायमचा मिटवला.

एवढं सगळं केलं बाईनं, पण गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. भाऊ लहानपणी विचारायचा, "आई कशी होती गं?" ही म्हणायची, "आजारी होती." "मला कधी घ्यायची का?" "कशी घेणार? मनाई होती." झालं! पोर हिरमुसून गप्प. मोठा झाला, बाप झाला, तरी तो सल काही गेला नाही. धाकट्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो एकदम म्हणाला होता, "ताई, आईनं एकदा तरी वळायचं गं माझ्याकडे." ताई तेव्हाही म्हणाली, "बाळाची मान सांभाळ."

आता त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मानसशास्त्राचा विभाग होता. तिथली एक चष्मेवाली मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणच्या आठवणींवर संशोधन करत होती. पण म्हातारी माणसं मिळेनात, आणि मिळाली तर त्यांचं लहानपण पाहिलेलं कोणी हयात नसायचं. मग विभागाच्या सरांनी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या विषय काढला. "काका, तुम्हाला मोठी बहीण आहे ना? या मुलीचं काम अडलंय. बसा जरा तिच्यासमोर." मुलीनं रीतसर विचारलं, नको असेल तर खुशाल नाही म्हणा, असंही सांगितलं. पण निवृत्तीनंतर काकांना आणखी वर्षभर ठेवून घ्यायचं की नाही, हे ज्यांच्या एका शब्दावर ठरणार, त्यांना लिफ्टमननं नाही म्हणायचं? कसं म्हणेल हो? त्यानं हसत हसत सही केली.

मग ती मुलगी ताईकडे आली. जिन्यातच तिला ऐकू आलं, "शर्ट धुतलाय का?"

"शर्ट नाही आणला, मावशी."

"मग तडफडलीस कशाला इथं?"

मुलगी दचकली, पण गोड होती. काकांच्या लहानपणी काय काय घडलं ते सांगा म्हणाली. भावाचं नाव निघाल्यावर ताई सैल झाली. मुकादमाच्या डब्यातलं खाऊन तो कसा पसार झाला, शाळेची काच कशी फोडली, गरम इस्त्रीला हात लावून कसा फोड आणला, सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आणि मावशी, ते कधी बाजारात हरवले होते का?"

"हरवला? माझ्या कडेवरून उतरला तर हरवेल ना!"

"नक्की?"

"पोरी, माझा भाऊ आयुष्यात कधी हरवला नाही."

मुलीचा चेहरा खुलला. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. माणसाला खऱ्या घडलेल्या तीन गोष्टी सांगायच्या, त्यात एक न घडलेली मिसळायची, आणि ती खोटी गोष्टही त्याला आठवायला लागते का ते बघायचं. कोर्टात साक्षीदार काय काय शपथेवर सांगतात, त्यातलं किती खरं धरायचं, हे अशानं कळतं. समितीची परवानगी आहे. शेवटी सगळं उघड करून सांगतात, बहुतेक लोक तर हसतात. तोवर मावशींनी काकांशी यावर अवाक्षर बोलायचं नाही. मग तिनं मजकूर वाचला: "तुम्ही चार वर्षांचे असताना बाजारातल्या गर्दीत हरवलात. खूप रडलात. एका दुकानदारानं तुम्हाला बसवून ठेवलं. मग तुमची आई धावत आली, तिनं तुम्हाला उचलून छातीशी धरलं आणि घरी नेलं."

ताईचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "आई?"

"हो, सगळ्यांना हाच मजकूर आहे. का? काही चुकतंय का?"

तो चार वर्षांचा होता तेव्हा आईला नुसतं उठवून बसवायला दोन माणसं लागायची. हे एक वाक्य बोलायचं होतं. ताईच्या ओठांवर आलंसुद्धा. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण तिच्या प्रश्नांमध्ये आईबद्दल काही नव्हतंच. पण ताईच्या मनात आलं, जन्मभर हा आई आई करत राहिला आणि आपण त्याला एक धड गोष्ट दिली नाही. ही परकी पोर देतेय, तर देऊ दे. कोणाचं काय जातंय?

"चुकत काही नाही," ती म्हणाली. "चालू दे तुझं."

भाऊ दर सुट्टीला तिच्याकडे चहाला यायचा. पहिल्यांदा आला तो डोकं खाजवत. "ताई, मी बाजारात हरवलो होतो? मला तर ओ की ठो आठवत नाही." ताई म्हणाली, "मला बोलायला मनाई आहे." त्या मुलीनं त्याला सांगितलं होतं, रोज थोडा वेळ डोळे मिटून बसा, दुकानं कशी होती, आवाज कसले होते, ते डोळ्यांसमोर आणा. हा बिचारा शहाण्या मुलासारखा स्टुलावर बसून डोळे मिटायचा. लिफ्ट वर जायची, खाली यायची, आणि याचं आपलं बाजारात हिंडणं चालू. पुढच्या सुट्टीला तो म्हणाला, "कापडाची दुकानं होती बघ. मशीनचे आवाज येत होते." ताईनं चहा ओतला.

आणि मग एक दिवस तो जिना धडाधडा चढत आला. दम लागलेला, डोळे चमकत होते.

"ताई, आठवलं! सगळं आठवलं! तिनं मला असं उचललं आणि कडेवर घेतलं. हाडकुळी होती गं, कमरेचं हाड टोचत होतं मला. मी मान टाकली तिच्या खांद्यावर, आणि ती इथं, कानामागं, अंगठ्यानं चोळत राहिली. मी झोपलोच. आणि तिच्या हाताला खडूचा वास होता. आई शाळेत शिकवायची का गं आधी?"

"नाही."

"मग खडू कसला?"

कापडावर खुणा करायच्या खडूनं ताईची बोटं वर्षानुवर्षं पांढरी असायची. साबणानं घासली तरी वास जायचा नाही. सोळा वर्षांची पोरगी, अंगावर मांस नाही, कडेवर घेतलं की हाड टोचायचंच. तो कुरकुरायचा, मग ती त्याच्या कानामागं अंगठा फिरवायची, की गाडी थंड. बाई, बाई! त्यानं काही म्हणजे काही विसरलेलं नव्हतं. सगळं जपून ठेवलं होतं त्यानं, आणि आता उचलून आईला देऊन टाकलं.

"असेल कशाचा तरी," ती म्हणाली.

"ती वळली गं माझ्यासाठी," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "तशा आजारात उठून आली. मी उगाच इतकी वर्षं तिच्यावर रुसून बसलो."

त्या दिवसापासून माणूसच बदलला. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला ही गोष्ट. झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना काकांच्या आईचं पाठ झालं. बायको थट्टा करायची, "साठीला आईच्या कुशीत शिरलेत आमचे हे." मुलींना फोन करकरून त्यानं आजी सांगितली. आणि ताई? ताईला आनंद झाला, खरंच झाला. आणि मशीनवर बसली की डोळे भरून यायचे, हेही तितकंच खरं. मग ती स्वतःलाच झापायची, "म्हातारपणी मेलेल्या आईचा हेवा करतेस? लाज वाटू दे!"

पण मुलीचं ते बोलणं तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. शेवटी सगळं उघड करून सांगतात. बहुतेक लोक हसतात.

एक दिवस तिनं मशीनवर कापड टाकलं आणि विद्यापीठ गाठलं. लिफ्टनं गेली असती तर भाऊच भेटला असता. म्हणून सहा मजले जिन्यानं, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत. मुलगी तिला बघून उठूनच उभी राहिली.

"पोरी, तुझं लिहून झालं असेल तर एक कर. त्याला सांगू नकोस."

"मावशी, सांगावंच लागतं."

मग ताईनं ते एक वाक्य सांगितलं, जे तेव्हा गिळलं होतं. आई कुठं होती, कशी होती, भाऊ कसा दारात उभा राहायचा. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत हो? मी वाक्य बदललं असतं. हे कामच थांबवलं असतं."

दोघी सरांकडे गेल्या. सर शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आजी, कोणालाही फसवून तसंच सोडून द्यायचं नाही, हा नियमच आहे. त्यांच्याच भल्यासाठी केलेला. उद्या दुसऱ्या कोणाकडून कळलं तर त्यांना काय वाटेल? आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी ठरवायचं, की त्यांना खरं झेपणार नाही? हा अधिकार आपल्याला कोणी दिला?" सरांचं चुकलं म्हणावं, तर त्या घटकेला त्यांचं काही चुकत नव्हतं. चुकलं ते सगळं आधीच चुकून बसलं होतं. मुलगी म्हणाली, "मी स्वतः सांगेन मावशी. हळुवार सांगेन." ताई परत जिन्यानंच खाली उतरली.

भाऊ आला तो कामाच्या दिवशीच, अंगात गणवेश तसाच. हळूहळू जिना चढला. खाटेवर बसला. चहा नको म्हणाला.

"ती पोर रडली गं," तो म्हणाला. "मला आधी वाटलं चेष्टा करतेय. मी हसलोसुद्धा. मग ती जास्तच रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं, लिफ्टनं खाली सोडून आलो. म्हणत होती, तुमची माहिती यातून काढून टाकते. म्हटलं राहू दे, तुझं काम कशाला अडावं."

ताईनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी इथं बसून रडलो, तेव्हाही?"

"हो रे."

त्यानं नुसती मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला कसं आवरायचं हे ताईला चांगलं ठाऊक होतं. याचं गप्प बसणं तिला सोसेना. आणि मग तिनं नको ते केलं. ती म्हणाली, "घडलं होतं ते! त्या पोरीला मीच चुकीचं सांगितलं. मी कारखान्यात होते तेव्हा, मला काय माहीत? आई आली असेल उठून."

"ताई, नको."

"अरे, खरंच..."

"तूही नको आता. सगळ्यांनी झालंय." त्यानं तळव्यानं तोंड पुसलं. "मला एवढंच कळत नाही, ते कानामागचं कुठून आलं? खोटं एवढं खरं कसं असतं गं? मला अजून लागतंय ते इथं."

तिचा बांध फुटला. "माझं होतं ते! माझं! मी घेऊन हिंडायची तुला कडेवर, कारखान्यात, बाजारात, दवाखान्यात. हाड माझं टोचायचं तुला. खडूचे हात माझे होते. सगळ्या इमारतीला आईची गोष्ट सांगत सुटलास, माझी एक तरी सांगितलीस का रे कोणाला?"

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर रडत होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया होती, आणि ती तिला जास्त लागली.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस तू," तो म्हणाला. "मघाशी आई आली असेल म्हणालीस. ते गळी उतरलं नाही, म्हणून आता हे."

"नाही रे छोट्या! हे खरं आहे."

"कशावरून?"

कशावरून! आई गेली, बाप गेला, मुकादम गेला, सोबतच्या बायका कुठल्या कुठं पांगल्या. त्या मुलाला त्या वयात कोणी कडेवर घेतलं होतं, हे सांगणारी जगात एकच बाई उरली होती, आणि त्या बाईनं त्याच्याशी खोटं बोलून दाखवलं होतं. तेही एकदा नाही.

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. भाऊ उठला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला. गणवेशाची वरची गुंडी त्यानं काढली.

"बरं, सांग," तो म्हणाला. "मला मानायचंय गं ते. काहीच नाही उरलं तर मी काय करू? कसं उचलायचीस मला? कुठून न्यायचीस? मी काय बोलायचो? सगळं सांग, मी डोळे मिटून ऐकतो."

त्यानं खरंच डोळे मिटले. ताईनं तोंड उघडलं. सगळं होतं तिच्याजवळ. रस्ता, वळणं, तो कुठं हट्ट करायचा, कुठल्या दुकानाशी झोपी जायचा. जन्मभर त्यानं मागितलं नव्हतं ते आज मागत होता. तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"नको रे," ती म्हणाली. "मी सांगेन, आणि उद्या तुला ते आठवायला लागेल."